विषय: आपल्या संगणकात आम्ही पाहुणे असल्याबाबत

सरांनी मला माझ्या नावानं कधीच हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी 'ळ' होते, आणि अजूनही आहे.

कळमनुरीत नांदेड रस्त्याला लागून त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. पत्र्याच्या दोन खोल्या, भिंतीला टेकवलेल्या मशिनी आणि दारात चपलांचा ढीग. तिथं शिकायला येणाऱ्याचं बोट ज्या अक्षरावर अडखळायचं, ते अक्षर सर त्याचं नाव म्हणून ठेवायचे. माझी करंगळी शिफ्ट दाबायला उशीर करायची आणि माझ्या कागदावर 'कळमनुरी'चं 'कहमनुरी' व्हायचं. म्हणून मी 'ळ'. माझ्या बॅचचा 'क्ष' पुढं तलाठी झाला. भर बाजारात गाडीवरून उतरून तो सरांच्या पाया पडला, तर सर आजूबाजूच्या चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "क्ष, आता तरी सुधरलास का रे?"

तोंडानं बोलण्यापेक्षा सरांना अर्ज लिहायला आवडायचं. घरात बायकोशीसुद्धा. भाजीत मीठ जास्त झालं की जेवून उठायचे, आतल्या खोलीतल्या मशीनवर बसायचे आणि पाच मिनिटांत कागद काकूंच्या हातात. 'विषय: आजच्या वांग्यातील मिठाबाबत. संदर्भ: आपले व माझे दि. कालचे बोलणे.' काकू तो कागद चुलीत घालायच्या आणि स्वयंपाकघरातूनच ओरडायच्या, "तुमचा अर्ज नामंजूर!" शेजारच्यांच्या शेळीनं त्यांचा एक अर्ज चघळला होता. त्याबद्दल शेजाऱ्यांना जो अर्ज गेला त्याचा विषय होता, 'आपल्या शेळीने माझा अर्ज खाल्ल्याबाबत', आणि खाली सोबत जोडलेल्या कागदांच्या यादीत, 'उरलेला अर्ज'.

आम्ही हसायचो. सर हसत नसत. त्यांचं म्हणणं असं, की तोंडचं बोलणं माणूस फिरवतो, कागदावर आलं की त्याला जपून बोलावं लागतं.

एका गोष्टीचं मात्र आम्हाला हसू येत नसे. मशीनची रिबीन संपली की सर ती कचऱ्यात टाकायचे नाहीत. मागच्या अंगणात नेऊन स्वतःच्या हातानं जाळायचे आणि राख होईपर्यंत तिथंच उभे राहायचे. मी नवीन असताना विचारलं होतं, "सर, काहून जाळता? आमच्याकडं द्या, लेकरं खेळतील तिच्याशी."

"बस खाली," ते म्हणाले, आणि त्यांनी मला सांगितलं.

त्यांचा धंदा नवा होता तेव्हाची गोष्ट. कोर्टकचेरीचे कागदही ते टाइप करून द्यायचे. एका बाईनं नवऱ्याच्या मारहाणीचा अर्ज त्यांच्याकडून टाइप करून घेतला. मशीनला त्या दिवशी कोरी रिबीन लावलेली होती. ती नीट बसत नाही म्हणून संध्याकाळी काढून ठेवली, आणि ती कुणाच्या तरी हाती लागली. कोऱ्या रिबिनीवर पहिल्या फेरीत उमटलेली अक्षरं उजेडात धरली की वाचता येतात. बाई वकिलापर्यंत पोचायच्या आधी अर्ज तिच्या सासरी पोचला.

"पुढं काय झालं?"

"बाईचा जीव वाचला. पण माझ्यामुळं न्हाई." सर बराच वेळ मशीन पुसत राहिले. "लोक आपल्या मशीनपाशी बसून त्यांचं घर उघडं करतेत, ळ. आपण त्या घराची राखण करायची असते. मशीन इकली तरी राखण सुटत न्हाई."

मग टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर गेली आणि मशिनी बंद पडल्या. सरांनी प्रत्येक मशीनवर धुतलेलं कापड टाकलं, दाराला कुलूप लावलं आणि रोज सकाळी बंद इन्स्टिट्यूटच्या पायरीवर पेपर वाचत बसू लागले. कॉम्प्युटरला ते 'टीव्ही' म्हणायचे. "टीव्हीवर कुठं टायपिंग शिकतेत का?"

मी तोवर कॉम्प्युटरवरची परीक्षाही पास झाले होते. आमच्या गल्लीतल्या सहा मुली म्हणाल्या, ताई, तू शिकवत असशील तर आम्ही तुझ्याकडंच येतो. त्यांच्या परीक्षेला दीड महिना होता. बाबांनी हिंगोलीहून मला एक जुना कॉम्प्युटर आणून दिला. आईनं घरातल्या बुद्धमूर्तीशेजारी टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर टाकली. मी बटण दाबलं. पडदा उजळला आणि त्यावर दोन नावं आली. एक 'ताई' आणि दुसरं 'पाहुणे'.

'पाहुणे'वर टिचकी मारली की कॉम्प्युटर उघडायचा, पण नुसता उघडायचा. टायपिंगचा सराव घ्यायचा तर त्यात मराठीचा फॉन्ट घालावा लागतो, परीक्षेचं सॉफ्टवेअर घालावं लागतं. काहीही घालायला गेलं की पडद्यावर चौकट यायची, की आधी मालकाचा पासवर्ड द्या. मालकीण होती ताई. 'ताई'वर जाऊन चुकीचं काही टाकलं की खाली एक ओळ यायची, पासवर्ड विसरलाच तर आठवावा म्हणून मालकिणीनं स्वतःच लिहून ठेवलेली. त्या ओळीत लिहिलं होतं, 'आपली पहिली म्हैस'.

मी दोन दिवस म्हशींची जमतील तेवढी नावं टाकून पाहिली. तिसऱ्या दिवशी रडत सरांच्या पायरीवर जाऊन बसले.

सर उठले, चपला घातल्या आणि पहिल्यांदाच त्या टीव्हीसमोर येऊन बसले. दोन्ही हात मांडीवर, कशालाही न शिवता. ती ओळ त्यांनी तीनदा वाचली.

"कोणाचं हाय हे?"

"माझं. बाबांनी इकत घेतलं."

"कपाट इकत घेतलं म्हणून आतली लुगडी तुझी होत न्हाईत. ही ताई कोण?"

"मला काय माहीत, सर? स्टँडपाशी मोबाइलचं दुकान हाय, तो म्हणतो फॉरमॅट मारून देतो. अर्ध्या तासात सगळं कोरं होतं."

"सगळं म्हंजे तिचंबी?"

"व्हय."

"मग न्हाई." सर उठले. "आधी तिला इचारायचं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मशीनवरचं कापड काढलं आणि अर्ज टाइप केला. 'प्रति, ताई (पूर्ण नाव माहीत नाही). विषय: आपल्या संगणकात आम्ही पाहुणे असल्याबाबत. महोदया, आपला संगणक आमचेकडे सुखरूप आहे. आपणांस त्यातील काही हवे असल्यास कळवावे. आपल्या परवानगीशिवाय आतील दार उघडणार नाही.' तो अर्ज खिशात घालून ते हिंगोलीला गेले. दुकानदार म्हणाला, मी भंगारवाल्याकडून घेतला. भंगारवाला सेनगावकडचा निघाला. सर सेनगावला गेले, तो फेरीवर गेलेला. पुन्हा गेले. असा आठवडा गेला.

इकडं सहा मुली रोज संध्याकाळी येऊन विचारायच्या, "सुरू झालं का?" त्यातल्या दोघींनी दुसरीकडं चौकशी सुरू केली. मला सरांचा राग यायला लागला. ज्या बाईला आपण पाहिलेलं नाही, तिच्या काळजीपायी माझा वर्ग सुरू व्हायच्या आधीच बंद पडायला आला होता. एका दुपारी मी कॉम्प्युटरचा डबा चादरीत बांधला आणि सरांची पायरी चुकवून मागच्या बोळातून मोबाइलच्या दुकानात गेले.

दुकानदारानं पेन ड्राइव्ह लावला, दोनचार बटणं दाबली. पडद्यावर प्रश्न आला, की यातलं सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढं जायचं का? त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दाबू?"

मी हो म्हणणारच होते. पण का कोण जाणे, अंगणातली राख डोळ्यांपुढं आली आणि तिच्यापाशी उभे असलेले सर. "थांबा," मी म्हणाले. "नका दाबू." तो हसला. "तुमची मर्जी, मॅडम. पण याच्याबिगर उपाय न्हाई." मी डबा पुन्हा चादरीत बांधला. परतताना मात्र समोरच्या रस्त्यानं, सरांच्या पायरीवरूनच आले. ते काही विचारणार म्हणून मी मान खाली घातली होती. पण त्यांच्या तोंडावर वेगळाच उजेड होता.

"ळ, सापडली! पुसेगावच्या पलीकडं तांडा हाय. तिथली अंगणवाडीची ताई. उद्या जायचं."

"पासवर्ड फोनवर इचारू ना, सर."

"पासवर्ड तिच्या जिभेवर यायला नको. तिच्या हातानं उघडू दे. डबा घे संग."

एसटीत सरांनी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेतला, माझ्याकडं कीबोर्ड. खड्डा आला की ते डब्यावर दोन्ही हात दाबून धरायचे, लेकराला धरावं तसे. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय यात?" सर म्हणाले, "दुसऱ्याचं सामान."

तांड्याच्या कडेला नव्यानं दुरुस्त केलेलं घर होतं. दारात एक बाई बसली होती, वय पंचेचाळिशीच्या आसपास, चेहरा दुखण्यातून उठलेल्या माणसाचा. सरांनी आधी काही न बोलता खिशातला अर्ज काढून तिला दिला. तिनं उभं राहूनच तो वाचला. मग चादरीतल्या डब्याकडं पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"हा तर माझा हाय," ती म्हणाली. "हा जिता हाय?"

आम्हाला वाटलं फोटोबिटो असतील. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं ते वेगळं होतं. तिची मुलगी बारावी झाली होती, नर्सिंगला जायचं होतं. राखीव जागेसाठी जात पडताळणी हवी, आणि पडताळणीला घरातल्या जुन्या माणसाचा पुरावा हवा. तो पुरावा होता तिच्या सासऱ्याचा शाळेतला दाखला. निजामाच्या काळातला, उर्दूत लिहिलेला. सासरा तांड्यातून शाळेत गेलेला पहिला माणूस. मूळ कागद पेटीत वाळवीनं खाल्ला. पण त्याआधी ताईनं त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवला होता. पुढं किडनीच्या दुखण्यानं ती दोन महिने नांदेडला दवाखान्यात पडली. तेवढ्यात घराचं काम निघालं, आणि दिरानं बंद पडलेला डबा समजून तो भंगारात घातला.

"शाळेत इचारलं न्हाई?" सरांनी विचारलं.

"चार येळा. ते म्हणतेत, जुनी रजिस्टरं पोत्यात हायेत, उर्दू वाचणारं कुणी न्हाई. साल अन् नंबर आणा, मग काढून देतो. साल अन् नंबर त्या कागदावरच व्हता."

मुलगी आतल्या चौकटीत उभी होती. तिनं आमच्याकडं पाहिलं नाही. ती डब्याकडं बघत होती. आणि माझ्या डोळ्यांपुढं मोबाइलच्या दुकानातला तो प्रश्न आला, सगळं कायमचं पुसलं जाईल, पुढं जायचं का. मी ते सरांना तेव्हा सांगितलं नाही. नंतर सांगितलं.

घरातल्या टीव्हीला वायर जोडली, डबा चालू केला. 'ताई' हे नाव पडद्यावर आलं. ताई कीबोर्डसमोर बसली, बोटं उचलली आणि तशीच थांबली.

"आठवंना," ती म्हणाली. "दुखण्यात लई काही गेलं डोस्क्यातून."

मी तिला खालची ओळ दाखवली. ताई वाचून हसली. "पहिली म्हैस. चांदणी! कपाळावर पांढरा टिक्का व्हता तिच्या." तिनं चांदणी टाकलं. चुकलं. दुसऱ्या स्पेलिंगनं टाकलं. तेही चुकलं. सर म्हणाले, "डोळे मिटा, ताई. बोटांना ठावं असतंय. जिथं जातील तिथं जाऊ द्या." हे त्यांचं चाळीस वर्षांचं औषध होतं. ताईनं डोळे मिटले, बोटं चालवली, आणि तेही चुकलं. सरांचा चेहरा पडलेला मी फार वेळा पाहिलेला नाही. त्या दिवशी पाहिला.

कोपऱ्यात ताईची सासू गोधडीवर बसली होती. ऐंशीच्या घरातली, हातात हस्तिदंती रंगाच्या बांगड्या कोपरापर्यंत. इतका वेळ तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काय धुंडून राहिले तुमी?"

"आपली पहिली म्हैस, याडी," ताई म्हणाली. त्यांच्यात आईला याडी म्हणतात, सासूलाही. "चांदणी."

"चांदणी आपली कुठं व्हती?" म्हातारी एकदम कडक झाली. "ती पुसेगावच्या पाटलाची. अर्धलीनं पोसाया दिलती. निम्मी त्येची, निम्मी आपली. सारं दूध आपल्या घरात कवा आलं? मोगरी आली तवा! तुझं लगीन झालं त्या साली. तूच तर तिला कुंकू लावून घरात घेतलं."

ताईनं ओळीतल्या पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. 'आपली.' आम्ही सगळे 'पहिली'च्या मागं लागलो होतो.

तिनं इंग्रजीत मोगरी टाकलं. चुकलं.

"थांबा," सर पुढं सरकले. त्यांचा आवाज पुन्हा इन्स्टिट्यूटमधला झाला. "विशेषनाम हाय ना ते? मग पहिलं अक्षर मोठं पाहिजे."

ताईनं शिफ्ट दाबून पहिलं अक्षर मोठं केलं, आणि दार उघडलं.

दाखला टीव्हीच्या पडद्यावर भिंतीएवढा वाटला. पिवळा कागद, कडा खाल्लेल्या, काळ्या शाईतल्या वळणदार ओळी. सरांना उर्दू थोडी वाचता यायची, लहानपणी शेजारच्या मुन्शींकडून शिकलेली. ते चष्मा कपाळावर चढवून पडद्यापाशी गेले आणि उजवीकडून बोट सरकवत अडखळत वाचू लागले. साल. दाखल नंबर. मग मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आणि जात. नवऱ्याचं नाव कानावर पडताच कोपऱ्यातल्या म्हातारीनं चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला, मालक खोलीत यावा तसा.

मुलीनं वहीच्या पाठपुठ्ठ्यावर साल आणि नंबर लिहून घेतला. एकदा लिहिला, मग सरांना पुन्हा वाचायला लावून आकडा आकडा पडताळला, आणि मग कुठं भिंतीला टेकून रडली.

संध्याकाळच्या एसटीआधी ताईनं आपलं सगळं पेन ड्राइव्हवर घेतलं. मग तिनं माझं खातं तयार केलं आणि मला मालकीण केलं. स्वतःचं नाव तिनं स्वतःच पुसलं. पुसताना पडद्यानं विचारलं, नक्की का? ती म्हणाली, "नक्की," आणि बटण दाबलं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल. तिनं तर डब्यावर हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "आता सुखानं नांद."

परतीच्या एसटीत मी सरांना मोबाइलच्या दुकानाचं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. हळदीची शेतं मागं गेली, एक फाटा गेला. मग म्हणाले, "पण थांबलीस ना? मी थांबलो नव्हतो. मला त्या रिबिनीची आठवण दुसऱ्या दिवशी झाली व्हती."

शाळेच्या पोत्यातलं रजिस्टर काढायला सर स्वतः गेले, उर्दू वाचायला. दोन दिवस धुळीत बसले, खोकला घेऊन आले, पण नोंद सापडली. पडताळणीला वेळ लागला, दोनदा कागद परत आले. सरांनी तिसऱ्यांदा सोबत चार पानांचा अर्ज जोडला. त्याचा परिणाम झाला की साहेबांना तो वाचायचा कंटाळा आला, हे माहीत नाही. मुलगी आता नांदेडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या सहा मुलींपैकी दोघी गेल्या होत्या, चौघी राहिल्या. चौघी पास झाल्या, आणि त्यांच्यामागून आणखी आल्या.

सर आता रोज माझ्या वर्गात येतात. टीव्ही म्हणणं सोडलं आहे. स्वतःसाठी त्यांनी एक खातं मागून घेतलं, पण मालकी घेतली नाही. "मला पाहुणाच राहू दे. पाहुण्याला चहा मिळतो." काकूंना पाठवायचे अर्ज आता मोबाइलवर जातात. काकू अंगठ्याचं चित्र पाठवतात, ते उलटं असतं.

यंदा मी दोन नवे कॉम्प्युटर घेतले आणि तो जुना आखाडा बाळापूरच्या एका बाईला दिला. ती महिला बचत गटाचं काम बघते, तिला गटासाठी हवा होता. द्यायच्या आधीची अख्खी दुपार मी त्यातलं माझं एकेक काढून घेत बसले. ती आली तेव्हा मी तिला खुर्चीवर बसवलं, तिच्या नावाचं खातं उघडलं, मालकी तिच्याकडं दिली आणि माझं नाव पुसलं. आता पडद्यावर रिकामी चौकट होती.

"पासवर्ड काय ठेवू, ताई?" तिनं विचारलं.

"सांगू नका!" सर स्टुलावरून ताडकन उठले. "आमी बघत न्हाई." त्यांनी मला खांद्याला धरून वळवलं आणि स्वतःही वळले. आम्ही दोघं रस्त्याकडं तोंड करून उभे राहिलो. समोरून उसाची ट्रॉली गेली. मागं बाई एका बोटानं, शोधत शोधत, एकेक बटण दाबत होती. टक. टक. मध्येच बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक.

सर मान कलती करून ऐकत होते. "एक चुकलं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "खोडलं. आता बराबर."

"झालं!" मागून बाई म्हणाली. तिच्या आवाजावरून कळत होतं की ती हसत होती.